अंधारातला पंचमहाभूतांचा प्रयोग: वास सगळ्यात शेवटी

या वर्षी असे तीन प्रयोग बघितले, म्हणजे बघितले कसले, डोळ्यांवर पट्टी बांधून बसले, दोन इंदुरात आणि एक देवासला, आणि तिन्हीकडे एकच झालं. आत शिरताशिरताच नाकात धूप, मग मातीचं अत्तर, मग खस, आणि पाचव्या मिनिटाला नाकाने हात टेकले. पुढे पाऊस आला, विस्तव आला, पोरांनी जीव तोडून मेहनत केली होती हो, पण माझ्या डोक्यात शेवटपर्यंत आमच्या आजीचं देवघर. सामान सगळे छान जमवतात, क्रम चुकवतात. म्हणून हे सगळं एकदा बैजवार लिहून टाकतेय.

आम्ही हा प्रयोग इंदूरच्या रामबागेतल्या एका जुन्या वाड्याच्या माजघरात करतो. प्रेक्षक १२, वेळ साधारण ३५ मिनिटं, स्टेज नाही, संवाद जवळजवळ नाहीत, प्रेक्षक डोळे झाकून खुर्चीत आणि आम्ही त्यांच्या भोवती, आकाश, वायू, तेज, पाणी, पृथ्वी ही पाचही भूतं त्यांना आवाज, स्पर्श, उजेड, चव आणि वासातून देत. खालचे आकडे त्या हिशोबाचे आहेत. तुमची खोली मोठी असेल तर प्रेक्षक वाढवू नका, खुर्च्यांमधली जागा वाढवा.

क्रमाबद्दल आधी एवढंच

सांख्यवाल्यांचा हिशोब बॅकस्टेजला फार कामाचा आहे. आकाशाला फक्त शब्द. वायूला शब्द आणि स्पर्श. तेजाला त्यात रूप मिळतं, पाण्याला रस, आणि पृथ्वीला गंधासकट पाचही. तैत्तिरीय उपनिषदातही उत्पत्ती याच ओळीने येते, आकाशातून वायू, वायूतून अग्नी, अग्नीतून पाणी, पाण्यातून पृथ्वी. अध्यात्म बाजूला ठेवा, नुसतं सामान आवरायच्या नजरेने बघा: आवाज थांबवला की थांबतो, वारा थांबतो, दिवा विझतो, ऊब मिनिटभर रेंगाळते, पाणी पुसायला पाच मिनिटं लागतात, आणि वास एकदा खोलीत सोडला की तो तुमचं ऐकत नाही. जो सगळ्यात हट्टी तो सगळ्यात शेवटी. पुढचे सगळे टप्पे याच्यावर उभे आहेत.

टप्पा १: जागा बघायला नाक-कान घेऊन जा

जागा दुपारी बघून येतात आणि प्रयोग रात्री ठेवतात, इथूनच बिघडायला सुरुवात. ज्या वारी ज्या वेळी प्रयोग करायचाय त्याच वारी त्याच वेळी जा, दारं-खिडक्या लावा, दिवे घालवा आणि दहा मिनिटं गप्प बसा, मग बाहेर येऊन काय काय ऐकू आलं आणि कसला वास आला ते लिहा. आम्हाला पहिल्याच बैठकीत कळलं की सातला कोपऱ्यावरच्या देवळात आरती होते आणि साडेसातला शेजारी हिंगाची फोडणी पडते, म्हणजे घड्याळ लावून घ्यावं इतकी वेळेवर. आता शेजारच्या काकूंना फोडणी पुढे ढकला म्हणून सांगणार का? प्रयोग सव्वाआठला नेला, झालं.

सराफ्याच्या जवळपास जागा मिळत असेल तर रात्रीचं विसरा, सोन्याची दुकानं मिटली की तिथे तूप तापायला लागतं, आणि गराडू (तळलेला कंद) आणि जिलबीच्या वासासमोर तुमची पृथ्वी टिकणार नाही. सकाळी ठेवाल तर कचरागाडीचं गाणं दारात येणारच. आणि रंगपंचमीच्या आठवड्यात राजवाड्याच्या बाजूला तारीख धरूच नका, गेर म्हणजे रंगांची मिरवणूक निघाल्यावर आकाशतत्त्व ऐकवून दाखवा बरं.

हंगामही बघा. मे महिन्यात इथे पारा ४० च्या वर, घामाने भिजलेल्या माणसाला तुम्ही कसली ऊब देणार. जुलै-ऑगस्टमध्ये जुन्या भिंतींनाच ओल येते, मातीचा वास आधीच हजर. ऐन थंडीत पाण्याचे थेंब अंगावर पडले की लोक मनातल्या मनात उद्धार करतात. मला फेब्रुवारीचा शेवट ते मार्च आणि दिवाळीनंतरचा महिना हे दोनच काळ जमतात असं दिसलंय.

तपासा: दिवे घालवून पाच मिनिटांनी स्वतःच्या हाताची बोटं दिसतायत का? दिसत असतील तर अंधार झालेला नाही. पट्टीच्या खालून, नाकाच्या बाजूने उजेड शिरतो आणि माणूस तिथूनच चोरून बघत राहतो. राउटर, इन्व्हर्टर, स्विचबोर्डचे लाल ठिपके काळ्या चिकटपट्टीने झाका. बाहेर जायचं दार मात्र मोकळं, त्याची कडी आतून एका हाताने उघडणारी हवी.

टप्पा २: सोबती तयार करा

जो प्रेक्षकाला आत आणतो, बसवतो आणि त्याच्या जवळ राहतो त्याला आम्ही सोबती म्हणतो. तीन प्रेक्षकांमागे एक, म्हणजे १२ जणांना चार. शिवाय आवाजाला दोघं, आणि एक जण पूर्ण वेळ मेन स्विचपाशी, त्याला दुसरं कुठलंही काम द्यायचं नाही. 'हातासरशी जरा पत्रा पण हलव ना भिया' असं म्हणायचं नाही. एकूण सात माणसं. कमी माणसांत होतं असं म्हणणारे असतात, त्यांच्याकडे अजून कोणाला अंधारात चक्कर आलेली नसते.

सोबत्यांनी त्या दिवशी सेंट, पावडर, वासाचं तेल, गजरा काही लावायचं नाही. कांदा-लसूण, पान, गुटखा, सिगारेट बंद. बांगड्या, पैंजण, किल्ल्यांचा जुडगा काढून ठेवायचा. कपडे नुसत्या पाण्यात पिळलेले हवेत, कारण साबणाच्या पावडरीचा वास अंधारात इतका ठणठणीत येतो की विचारू नका, माझ्या एका प्रेक्षकाने वारा आल्यावर धोब्याची आठवण झाली असं लिहून दिलं होतं.

हात कसा लावायचा हे शिकवावं लागतं, ते आपोआप येत नाही. आधी हळू आवाजात नाव घ्या, मग आपल्या हाताची मागची बाजू त्याच्या हाताच्या मागच्या बाजूला टेकवा, मग आपला कोपर त्याच्या हातात द्या आणि त्याच्या अर्धं पाऊल पुढे चाला. खांद्याला धरून मागून ढकलायचं नाही. खुर्चीपाशी आलं की त्याचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवा, बसायचं त्याचं तो बसतो.

तपासा: प्रत्येक सोबत्याने निदान एकदा पट्टी बांधून प्रेक्षक म्हणून पूर्ण प्रयोग घेतलाय का? ज्याने घेतलेला नाही त्याला आत सोडू नका, मग तो कितीही जुना नट असो. जुन्या नटांचा तर जास्तच त्रास, त्यांना अंधारातही अभिनय करायचा असतो.

टप्पा ३: सामान, आणि कुल्हडांची भानगड

यादी छोटीच आहे. पांढऱ्या सुती कापडाच्या दुहेरी पट्ट्या, माणशी एक. बांबूचे हातपंखे चार. मलमलीचं पाच-सहा मीटर कापड. दोन सुपं आणि किलोभर राई. गडगडाटासाठी लोहामंडीतून पातळ जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पत्रा, साधारण तीन बाय सहा फुटांचा, वरच्या कडेला दोन भोकं पाडून टांगायला. मिठाईच्या डब्यांवरचा कुरकुरीत सेलोफेन कागद. डिमर लावलेले साधे पिवळे फिलामेंटचे बल्ब चार. शेक घ्यायचे इन्फ्रारेड दिवे चार, औषधांच्या दुकानात मिळतात. स्टीलचे पेले, आणि कुल्हड म्हणजे मातीचे छोटे पेले.

पट्टी काळी आणि जाड घेऊ नका, सगळे तीच घेतात. पांढऱ्या पातळ पट्टीतून तेजाच्या वेळी उजेड मिटल्या पापण्यांपर्यंत पोचतो आणि आत सगळं केशरी होतं, काळ्या पट्टीत तुमचा अग्नी मेलाच समजा.

आता कुल्हड. चहाच्या टपरीवर मिळतात तेच, कोरे, चकाकी नसलेले, आतून रंग नसलेले. मातीच्या वासासाठी अत्तर, डिफ्यूझर, मातीच्या परड्या असलं सगळं करून झालं आमचं, पण कोरड्या कुल्हडात चार चमचे पाणी पडलं की जो वास येतो त्याच्या जवळपास काही जात नाही. १९६४ मध्ये बेअर आणि थॉमस या दोन शास्त्रज्ञांनी 'नेचर'मध्ये मांडलं होतं की कोरडी माती आणि दगड हवेतली तेलं शोषून ठेवतात आणि ओल लागली की ती सोडतात, त्या वासाला पेट्रिकोर हे नाव त्यांनीच दिलं. शेतातल्या मातीच्या वासात याशिवाय जिओस्मिन असतं, ते मातीतले जीवाणू बनवतात आणि आपल्या नाकाला ते अगदी नावापुरतं असलं तरी कळतं.

यातून आपल्या कामाच्या दोन गोष्टी निघतात. एक, कुल्हड कडकडीत कोरडं हवं, दोन दिवस उन्हात, आणि एकदा भिजलं की त्या दिवशी ते बाद. रोज दोन प्रयोग असतील तर २४ लागतील, तालमीची वेगळी, फुटतील म्हणून वर सहा. दुसरं, माती जशी चांगला वास शोषते तसा वाईटही शोषते. हे मी स्वतःच्या मूर्खपणातून शिकले. गेल्या वर्षी वाळवलेली कुल्हडं आठवडाभर कपड्यांच्या कपाटात ठेवली, वाटलं तिथे कोरडी राहतील, आणि कपाटात डांबराच्या गोळ्या. प्रयोगात पाणी पडलं आणि सगळ्या माजघरात ट्रंकेचा वास. एक काकू पट्टी काढून म्हणाल्या, "अगं, मला माझा लग्नातला शालू आठवला!" बाकीच्यांना पण पृथ्वी सोडून लग्नंच आठवली असणार.

तपासा: कुल्हड गालाला लावा. गार लागलं तर अजून ओल आहे. मग हुंगून बघा, कोरडं असताना कसलाही वास यायला नको. उन्हातून काढल्यावर सुती कापडात गुंडाळून बांबूच्या टोपलीत ठेवा, देवघर, स्वयंपाकघर आणि कपाट तिन्हींपासून लांब.

टप्पा ४: तालीम सुतळीवर

अंधारात इशारा कसा द्यायचा हा प्रश्न लोकांना प्रयोगाच्या दिवशी पडतो. टाळी, चुटकी, 'शुक' हे सगळं प्रेक्षकाला ऐकू जातं, फोनच्या स्क्रीनचा उजेड दिसतो. आम्ही सुतळी वापरतो. आवाजवाल्याच्या जागेपासून स्विचपर्यंत आणि दोन्ही बाजूंच्या सोबत्यांपर्यंत भिंतीच्या कडेने सुतळी, एक ओढ म्हणजे पुढचा टप्पा, दोन म्हणजे थांबा, तीन म्हणजे दिवे लावा. सुतळी गुडघ्याच्या खाली नको, कोणीतरी अडकून पडतंच.

घड्याळ असं: आत आणून बसवणं ५ मिनिटं, आकाश ६, वारा ५, तेज ५, पाणी ६, माती ४, परत आणणं ४. तालमीत हे लांबतंच, ४५-५० मिनिटांवर जातं. कापायचं असेल तर करामती कापा, मधल्या शांततेला हात लावू नका. दोन तत्त्वांच्या मध्ये निदान ४० सेकंद काहीच नाही, काहीच नाही म्हणजे काहीच नाही, सोबत्यांनी जागासुद्धा बदलायची नाही. आपल्याला ते ४० सेकंद चार मिनिटांसारखे वाटतात आणि हात शिवशिवतात. तिथेच तर प्रेक्षकाला आधीचं पुरतं पोचतं.

टप्पा ५: दारावर विचारा

दमा आहे का, फीट येते का, चक्कर येते का, कानाचं मशीन आहे का, बंद खोलीत घाबरायला होतं का, बाईला दिवस गेलेत का. हे चार लोकांत मोठ्याने विचारायचं नाही, एकेकाला बाजूला घेऊन. कानाचं मशीन असेल तर त्या माणसाला पत्र्यापासून लांबची खुर्ची आणि डोक्याजवळ पाणी अजिबात नाही. पट्टी नको म्हणणाऱ्याला नुसते डोळे मिटू द्या, आग्रह करू नका, आपल्याकडे जेवायला वाढताना करतात तसा तर नाहीच.

हात वर केला की सोबती लगेच येणार आणि बाहेर नेणार, हे सगळ्यांकडून एकदा करून घ्या. नुसतं सांगितलं तर अंधारात आठवत नाही. चपला, पर्स, फोन बाहेर. फोन सायलेंटवर टाकून खिशात चालेल का विचारतात. नाही चालणार.

सावधान: प्रेक्षकांनी सेंट लावून येऊ नये हे तिकिटावरच लिहा. तरी दोघं-तिघं लावून येतातच, त्यांना खिडकीजवळच्या कडेच्या खुर्च्या द्या.

टप्पा ६: आकाश

सगळे बसले की दोन मिनिटं पूर्ण शांत. मग पहिला आवाज खोलीच्या बाहेरून, जितक्या लांबून शक्य असेल तितक्या. आमच्याकडे मागच्या चौकातून एक मुलगी नुसता आ-कार लावते, शब्द नाहीत, ओळखीची चाल नाही, आणि चालत चालत वाड्याला वळसा घालते. स्पीकर इथे लावू नका. स्पीकरचा आवाज एका जागी चिकटलेला असतो आणि दुसऱ्याच मिनिटाला माणसाला कळतं की त्या कोपऱ्यात डबा ठेवलाय, मग तो आकाश सोडून डब्याचा विचार करतो.

डावी-उजवी बाजू कानाला चटकन कळते, समोर की मागे यात मात्र कान गोंधळतो. तेव्हा आवाज डावीकडून उजवीकडे सरकू द्या, मागे जाऊन परत पुढे आणा, माणूस मान न हलवता हरवतो. नेहमीची चूक म्हणजे एकाच वेळी घंटा, शंख, तानपुरा, पाखरं. एका वेळी एकच आवाज.

टप्पा ७: वारा

टेबलफॅन नको. त्याची घरघर आधी येते आणि वारा नंतर, शिवाय तो एकसारखा येतो, खरा वारा असा कुठे येतो. हातपंख्याने दोन-तीन फुटांवरून, आधी पायांवर, मग हातांवर, मग मानेवर. चेहऱ्यावर थेट कधीच नाही. मध्ये थांबा, माणूस वाट बघायला लागला की पुन्हा.

मग मलमल. दोघांनी दोन टोकं धरून प्रेक्षकांच्या डोक्यावर हातभर उंचीने कापड उचलायचं आणि खाली झोडायचं, पूर्ण खोलीतली हवा हलते आणि कापडाचा फडफडाट वादळाचं काम करतो. कापडाने कोणाला शिवायचं नाही. एक झुळूक, एक मोठा झोत, बस. खसाचा पंखा घ्यायचा मोह इंदुरात हमखास होतो, कूलरच्या ताट्यांची लहानपणापासून सवय आहे आपल्याला, पण तो वास घेऊन येतो आणि वासाची पाळी अजून लांब आहे.

टप्पा ८: तेज

खरी ज्योत नको. कापूर नको, समई नको, धुनी तर नकोच. डोळे बांधलेली १२ माणसं आणि मलमलीचं पाच मीटर कापड एका खोलीत असताना ज्योत लावणारा माणूस माझ्या ग्रुपात राहत नाही. धुराने दमेकऱ्यांना त्रास होतो ते वेगळंच, आणि वासाचा क्रमही तिथेच मोडतो. फॉग मशीनही याच कारणाने बाद.

उजेड आणि ऊब वेगवेगळे द्यायचे. पिवळे बल्ब डिमरवर शून्यापासून हळूहळू, मिनिटभर लावून वर न्या. पट्टीमागे पहाट होते असं समजा. सोबत कागद: सेलोफेन मुठीत घेऊन अगदी सावकाश चुरायचा, काटक्या तडतडल्यासारखं ऐकू येतं, जोरात चुरलात तर मात्र वेफर्सचं पाकीट. ऊब इन्फ्रारेड दिव्याने, फक्त पसरलेल्या तळहातांवर, चेहऱ्यावर नाही, तीन फुटांच्या आत आणायचा नाही. दिवा सोबत्याच्या हातातच राहतो, तो एकेकापाशी अर्धा मिनिट थांबून पुढे सरकतो.

तपासा: प्रयोगाआधी प्रत्येक सोबत्याने त्याच अंतरावर स्वतःचा तळहात पूर्ण मिनिटभर धरून बघायचा. चटका बसला तर अंतर वाढवा. २५० वॅटचे चार दिवे म्हणजे १००० वॅट, ते एकाच एक्स्टेन्शनवर टाकू नका, दोन वेगळ्या पॉइंटवर वाटा, आणि एक्स्टेन्शनची वायर गुंडाळी करून ठेवू नका, पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर तापते.

इथून पाण्याकडे जायला वीज. ऊब बंद, उजेड बंद, शांतता, मग बल्ब एकदाच लखकन पूर्ण आणि लगेच बंद, सहा सेकंदांनी पत्रा हलवून गडगडाट. पुन्हा एकदा, या वेळी तीन सेकंदांनी. तिसऱ्यांदा सेकंदभरात. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, आपण लहानपणी वीज चमकल्यावर आकडे मोजायचो तेच, त्यामुळे पाऊस दोन किलोमीटरवरून चालत वाड्यावर आला हे कोणाला सांगावं लागत नाही. पत्रा खालच्या कडेला दोन्ही हातांनी धरून हळू सुरू करायचा. तीनच वेळा चमकवा. भराभर लुकलुकणारा दिवा, डीजेवाला, कधीही नाही, फीट येणाऱ्या माणसाला तो धोक्याचा आहे आणि दारावर सगळेच खरं सांगतात असं नाही.

टप्पा ९: पाणी

आधी ऐकू येणारं पाणी. सुपात मूठभर राई आणि सूप तिरपं करून घोळवायचं, लांबचा पाऊस. दोन सुपं झाली की सर. ताटात राई टाकली की पत्र्यावरचा पाऊस, ते शेवटच्या अर्ध्या मिनिटाला.

मग थेंब. स्प्रेची बाटली वापरू नका, तिचा तो फुसफुस आवाज ऐकून एक काका जोरात म्हणाले होते "बारीक करा, मागून", आणि सगळी खोली हसली, ती परत काही गप्प होईना. बोटं वाटीत बुडवून झटका, आधी हातांच्या मागच्या बाजूवर एकच थेंब. हात मागे घेतला तर त्या माणसाला पुढे थेंब नाहीत. घेतला नाही तर कोपरापर्यंत. पाणी खोलीच्या हवेइतकं गार, फ्रिजमधलं नाही.

मग रस, म्हणजे चव. प्रत्येकाच्या उजव्या हातात स्टीलचा अर्धा पेला द्यायचा आणि कानाशी फक्त एवढं सांगायचं: "पाणी आहे. हवं तर प्या, दोन घोट ठेवा." तोंडाला आपण पेला लावायचा नाही, ठसका लागतो. माठाचं पाणी भरू नका, त्याला आधीच मातीचा वास असतो. स्टीलच्या पिंपातलं, गाळलेलं. गुलाबपाणी, तुळस, केवडा काही नाही. एवढा वेळ डोळे बंद ठेवून बसल्यावर साध्या पाण्याची चव येते लोकांना.

सावधान: आता फरशी ओली आहे. सोबत्यांनी पाय उचलून न टाकता सरकवत चालायचं, आणि इन्फ्रारेड दिवे याच्या आधीच प्लग काढून खोलीबाहेर गेलेले हवेत. बाहेर गेले असं कोणीतरी म्हणालं, हे पुरेसं नाही, स्विचपाशी असलेल्या माणसाने ते हाताने चाचपून मोजायचे. चार.

टप्पा १०: माती

प्रेक्षकाच्या डाव्या हातात कोरडं कुल्हड द्या. काही बोलू नका, त्याला चाचपू द्या, कडेवरचा खरखरीतपणा, बुडाशी कुंभाराच्या दोऱ्याची रेघ, लोक बोटाने तीच रेघ शोधत बसतात हे मी कित्येकदा बघितलंय. मग सोबत्याने पेल्याची कड कुल्हडाच्या कडेला टेकवायची आणि ओतायचं मात्र प्रेक्षकाने स्वतः. आधी बारीक चुर्रर्र ऐकू येतं, माती पाणी पिते त्याचं. मग वास.

१२ कुल्हडांत पाणी एका मिनिटाच्या आत पडलं पाहिजे, कारण पहिल्याचा वास शेवटच्यापर्यंत पोचला तर त्या शेवटच्या माणसाचं सगळं वाया गेलं. चार सोबती, माणशी तीन, तालमीत हा एक टप्पा दहादा करा. कुल्हड हनुवटीपासून चार बोटांवर धरलं की पुरे, नाकात खुपसायला लावू नका. दोन मिनिटं कोणीही हलायचं नाही. त्यानंतर नाक दमतं, तेव्हा लांबवू नका.

आणि इथे पट्टी काढायची, ज्याची त्याने, हळू, एकच बल्ब मंद करून. पहिल्यांदा दिसतं ते हातातलं अर्धं गडद झालेलं कुल्हड. शब्द, स्पर्श, रूप, रस, गंध, पाचही इथेच जमले.

काही ग्रुप इथे अनवाणी काळ्या मातीवर चालवतात. आम्हीही केलं, सोडून दिलं. आपली काळी माती ओली झाली की पायाला लगद्यासारखी चिकटते आणि घसरते, शेतातून आणली तर काटे-काचा निघतात, आणि साखरेची बिमारी असलेल्या माणसाला पायाला लागलेलं कळतही नाही. नाल्याच्या बाजूची माती तर आणूच नका, ती भिजल्यावर कसला वास येतो ते आम्हाला माहितीये.

टप्पा ११: बाहेर आणणं आणि पुढचा प्रयोग

लगेच ट्यूबलाइट लावू नका आणि लगेच "कसं वाटलं" विचारू नका. चार मिनिटं मंद उजेडात बसू द्या, ज्याला रडू आलं असेल त्याच्याजवळ सोबती बसेल, बोलणार नाही. उठताना सगळ्यांना एकेक करून, ओल्या फरशीवरून कोपर देऊन. कुल्हड घरी न्यायचं असेल तर नेऊ द्या, बहुतेक जण नेतात, म्हणून ती वरची सहा पुरत नाहीत कधीकधी.

दोन प्रयोगांत दीड तास ठेवा. सगळी दारं-खिडक्या उघडी, एक्झॉस्ट चालू, फरशी साध्या पाण्याने पुसून कोरडी, फिनाइल नाही. मग आतल्या कोणी सांगितलेलं धरू नका, त्यांचं नाक मेलेलं असतं. ज्याने पहिला प्रयोग केलेला नाही असा एक जण रस्त्यावरून आत बोलवा. आम्ही शेजारच्या काकूंनाच बोलावतो. त्या दारात उभ्या राहून एकदा जोरात श्वास घेतात, आणि काहीच येत नाही म्हणाल्या की दुसऱ्या बॅचला आत घेतो. परवा म्हणाल्या, "अजून येतोय गं, वीस मिनिटं थांब." थांबलो.